स्टेशनमास्तरचे कान

एका नाटक कंपनीच्या अर्जातला सातवा प्रश्न असा होता: 'तुमचं काम तुम्हाला नीट करता यावं म्हणून आम्ही काय करायला हवं?' खाली चार ओळींची मोकळी जागा. मी तिथे 'काही नको' असं लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.

हे दोन शब्द माझ्या तोंडी बसलेले होते. चौथ्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि दोन्ही कानांचं ऐकणं बरंचसं गेलं. श्रवणयंत्रं आली, ओठ वाचणं आलं, वर्गातला पहिला बाक आला. पुढे नाटकाचं वेड लागलं आणि काही मागितलं की भूमिका हातची जाते, हेही कळलं. एका संस्थेत मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की तालमीत एका वेळी एकानंच बोलावं. दुसऱ्या आठवड्यात माझी भूमिका दुसरीकडे गेली. तेव्हापासून मी मागणं सोडलं. तालमीत निम्मं निसटायचं, घरी येऊन संहितेवरून अंदाज बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी हसऱ्या चेहऱ्यानं पुन्हा उभं राहायचं. भूमिका मिळायच्या त्याही ठरलेल्या: बहिरी मुलगी, मुकी बहीण, शेवटच्या प्रवेशात जिच्याकडे बघून नायकाचे डोळे भरून येतात अशी कुणीतरी. प्रयोगानंतर लोक हात हातात घेऊन 'किती छान केलंस गं' म्हणायचे. काय छान केलं, ते मात्र कुणी सांगत नसे.

ही कंपनी लहान होती. कायमची माणसं चार, तालमीची खोली भाड्याची, वर्षाला एखाद-दुसरी निर्मिती. एरवी जे कलावंत निवड चाचणीच्या दारापर्यंतही पोचत नाहीत त्यांच्याबरोबर नवी नाटकं करायची, असं या चौघांनी ठरवलं होतं. अपंग कलावंत, घरी वेगळीच भाषा बोलणारे, ट्रान्स कलावंत, कुठल्याही नाट्यशाळेचं प्रमाणपत्र नसलेले. असं बोलणारे मला आधीही भेटले होते, म्हणून मी मनाशी फारसं काही बांधलं नव्हतं.

तीन दिवसांनी निर्मातीचा निरोप आला. 'अर्ज आवडला. सातव्या प्रश्नाचं उत्तर मात्र पुन्हा लिहून पाठवा. दोन्ही कानांत यंत्र घालते असं तुम्हीच दुसऱ्या प्रश्नात लिहिलं आहे. तेव्हा "काही नको" हे खरं उत्तर नसणार.'

मला आधी राग आला. मग वाटलं, ही अर्ज नाकारायची सभ्य तऱ्हा असेल. पण निरोपासोबत एक नमुना जोडलेला होता. गायक-वादक कार्यक्रमाआधी आयोजकांना यादी पाठवतात, ध्वनियंत्रणा कशी हवी, मंचावर काय हवं वगैरे. तिला रायडर म्हणतात. त्याच धर्तीवर आता कितीतरी देशांतले अपंग कलावंत आपापला अ‍ॅक्सेस रायडर, म्हणजे नीट काम करता यावं म्हणून काय काय लागेल याची यादी, लिहून ठेवतात आणि काम ठरण्याआधीच समोरच्याच्या हाती देतात. मला हा प्रकार तोपर्यंत माहीत नव्हता.

ते एक पान लिहायला मला चार दिवस लागले. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा, त्याच्या पाठीमागे उघडी खिडकी नसावी. एका वेळी एकानंच बोलावं. पंखा किंवा एअरकंडिशनर घरघरत असेल तर मला त्यापासून लांब बसवावं, कारण यंत्र माणसाच्या आवाजाबरोबर घरघरही मोठी करतं. संहितेतला प्रत्येक बदल कागदावर मिळावा. प, ब, भ आणि म ओठांवर सारखेच दिसतात. तुम्ही पोट म्हणालात, बोट म्हणालात की मोट, हे मला मागच्या-पुढच्या बोलण्यावरून ताडावं लागतं, तेव्हा विषय बदललात तर तेवढं सांगा. तासभर सलग ओठ वाचले की डोकं जड होतं आणि त्यानंतरचं काही आत शिरत नाही, म्हणून मध्ये विश्रांती हवी. चौथ्या दिवशी सगळं वाचून काढलं तेव्हा मला रडू आलं. इतकी वर्षं मी हे सगळं नसताना उभी राहत होते, आणि कमी पडले की दोष स्वतःला देत होते.

निवड चाचणीचे उतारे आठ दिवस आधी आले. खोलीत खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या, म्हणजे सगळ्यांचे चेहरे मला दिसत होते. माझ्या आधी एक पूर्ण कर्णबधिर नट होता, त्याच्यासाठी सांकेतिक भाषेच्या दोन दुभाषी होत्या. दोन कशाला, असं मला वाटलं. दर वीस-तीस मिनिटांनी त्या जागा बदलत होत्या. ऐकता ऐकता हातांनी बोलणं इतकं थकवणारं असतं की एकटीवर ते काम टाकलं तर अर्थ घसरायला लागतो.

चाचणीनंतर मी निर्मातीला विचारलं, की वाद्यवृंदांसारखी पडद्याआडून परीक्षा का घेत नाही? १९७०च्या दशकापासून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांनी उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावायला सुरुवात केली. पावलांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरतात. ती म्हणाली, "पडद्यानं अन्याय टळतो, हे खरं. पण पडद्याआड तुझी गरजही लपते. मला दोन्ही बघायचं होतं, तुझं काम आणि त्या कामासाठी तुला लागणारा उजेड." मला हे पटलं. व्हायोलिनसाठी पडदा चालेल. नाटकात माणूस सगळाच्या सगळा लागतो.

भूमिका मिळाली. नाटक एका रात्रीचं: पावसानं रूळ वाहून गेलेत, एका लहानशा स्टेशनवर पाच प्रवासी अडकलेत, आणि मी रात्रपाळीची स्टेशनमास्तर. हट्टी, नियमावर बोट ठेवून चालणारी, आतून घाबरलेली बाई. मी संहिता दोनदा वाचली. तिच्या कानांबद्दल एक अक्षर नव्हतं. दिग्दर्शिकेला विचारलं, "ताई, हिला ऐकू येतं ना? मग मी यंत्रं काढू का?" ती म्हणाली, "यंत्रं कशाला काढतेस? स्टेशनमास्तरला चष्मा असू शकतो तशी यंत्रंही असू शकतात. त्याबद्दल कुणी बोलायची गरज काय?"

कराराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नवख्या कलावंतांना तो कुणी समजावून सांगत नाही. आमचा करार सोप्या भाषेत, मोठ्या अक्षरांत होता, आणि अंध गायिकेला तो ध्वनिमुद्रित करून दिला होता. प्रयोगांइतकंच तालमींचंही मानधन होतं. दुभाषी, जादा विश्रांतीचा वेळ, व्हीलचेअर जाईल अशी गाडी, हा सगळा खर्च निर्मितीचा, कुणाच्याही मानधनातून एक पैसाही वळता होणार नव्हता. आणखी एक कलम होतं, जे मी पुन्हा पुन्हा वाचलं. प्रसिद्धीच्या मजकुरात माझं वर्णन काय जाईल ते मला दाखवल्याशिवाय छापायचं नाही, आणि 'अपंगत्वावर मात करून' हे शब्द माझ्या संमतीशिवाय वापरायचे नाहीत.

निर्मातीनं पहिल्याच आठवड्यात आम्हा सगळ्यांना बसवून निर्मितीचा अंदाजपत्रकाचा तक्ता दाखवला. हेही मी कधी पाहिलं नव्हतं. अनुदानाचा एक भाग, दोन नाट्यगृहांनी सहनिर्मिती म्हणून आधी दिलेली रक्कम, आणि उरलेलं तिकिटांतून येईल या भरवशावर. कलावंतांच्या गरजांचा रकाना नेपथ्याच्या खालोखाल मोठा होता. ती म्हणाली, "हा रकाना पहिल्या दिवशी भरला नाही तर शेवटी त्याला पैसे उरतच नाहीत. मग दुभाषी एकाच प्रयोगाला येते आणि आपण तोच एक प्रयोग सगळीकडे मिरवतो." तिनं हे शोधून काढलेलं नव्हतं. ब्रिटनमधली ग्रेआय ही नाट्यसंस्था १९८० पासून अपंग कलावंतांबरोबर व्यावसायिक नाटकं करते आहे. एक डोळा आणि एक दात आपापसांत वाटून घेणाऱ्या ग्रीक पुराणातल्या तीन बहिणींवरून तिचं नाव पडलं. सांकेतिक भाषा, अंधांसाठी वर्णन, संवादांची अक्षरं या गोष्टी नाटकाला शेवटी चिकटवायच्या नसतात, त्या संहितेपासूनच नाटकात असाव्यात, हा विचार त्या लोकांनी वर्षानुवर्षं चालवला. आमची निर्माती तेच धोरण आपल्या ऐपतीनुसार चालवत होती.

तालमी सुरू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या गरजा एकमेकींवर आदळल्या. मला आणि कर्णबधिर नटाला खोलीत भरपूर उजेड हवा. आमच्यातला एक नट ऑटिस्टिक होता, ट्यूबलाइटच्या लुकलुकण्यानं त्याचं डोकं फिरायचं आणि तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा. अंध गायिकेला बोलणाऱ्यानं आधी आपलं नाव सांगावं असं वाटायचं, म्हणजे आवाज कुठून येतोय ते कळतं. कर्णबधिर नटाला आधी हात वर व्हायला हवा, म्हणजे कुठे बघायचं ते कळतं. दोन दिवस चिडचिड झाली. मीही चिडले. इतक्या वर्षांनी एकदाचं काही मागितलं होतं आणि ते दुसऱ्याला टोचत होतं.

तिसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेनं तालीम थांबवली आणि दिवसभर फक्त एवढंच केलं. ट्यूबलाइट बंद. दुभाषींच्या अंगावर आणि बोलणाऱ्याच्या जागेवर पिवळ्या दिव्यांचे दोन झोत. बोलायचं त्यानं आधी हात वर करायचा, मग नाव सांगायचं, मग बोलायचं. पन्नास मिनिटं काम, दहा मिनिटं पूर्ण शांतता. पहिले काही दिवस हे फार संथ वाटलं. पुढे लक्षात आलं, की कुणी कुणाचं वाक्य तोडत नाहीये आणि एकच गोष्ट चारदा सांगावी लागत नाहीये. तालमींचं वेळापत्रक आम्ही एकदाही ओलांडलं नाही.

आता जे सांगायला मुख्यतः लिहायला बसले ते सांगते.

दुसऱ्या अंकात स्टेशनमास्तर एका प्रवाशावर भडकते आणि त्याच्याकडे पाठ करून कंदील साफ करत बसते. तो मागून बोलत राहतो. ही भूमिका करणारा नट सर्कशीच्या तंबूत वाढलेला, शाळा अर्धवट सुटलेला, पण रंगमंचावर त्याचं शरीर मांजरासारखं चालायचं. प्रवेश झाला. सगळे गप्प. दिग्दर्शिका माझ्यासमोर येऊन बसली, तोंडावर उजेड पडेल अशी, आणि म्हणाली, "हा प्रवेश तू वाईट करतेस."

मला वाटलं, ओठ चुकीचे वाचले.

"वाईट करतेस," ती पुन्हा म्हणाली. "तू त्याच्यावर रागावली आहेस आणि तरी दर वाक्याला वळून त्याच्या तोंडाकडे बघतेस. रागावलेली बाई असं करत नाही. तुझी मान अभिनय करत नाहीये, ती ओठ वाचते आहे. पहिल्या अंकातही तेच होतं, तिथे ते खपून जातं. इथे प्रवेश मरतो."

इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं. मी मेकअपच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं बसले. वाईट वाटलं, ते खरंच. पण त्याच्या खाली दुसरंही काही होतं. या बाईनं माझी मान पाहिली होती. तिनं मला नटी म्हणून पाहिलं होतं, आणि नटीला जे सांगायचं ते सांगितलं होतं. इतकी वर्षं मिळालेल्या कौतुकानं माझं नुकसान केलं होतं, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. जिच्याकडून काही अपेक्षाच नसते तिला सुधारावंसंही कुणाला वाटत नाही.

परत आले तेव्हा सगळे त्याच प्रश्नाला भिडले होते: हिनं न बघता कसं ओळखायचं? मंचामागे दिव्यांच्या खुणा असतात, लाल लागला की तयार राहा, हिरवा लागला की सुरू करा. तसा एक बारीक दिवा माझ्या कंदिलात बसवून पाहिला. चाललं, पण मी दिव्याची वाट बघत होते आणि ते दिसत होतं. मग सर्कसवाल्या नटानं पाय आपटला. नेपथ्यातला फलाट लाकडी आणि आतून पोकळ होता. तो हादरा माझ्या टाचेतून पोटरीपर्यंत आला. तालवादक एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ बहिरी झाली होती. ती अनवाणी उभी राहून वाजवते आणि आवाज अंगानं घेते, हे मी वाचलं होतं. वाचलेलं आणि तळपायाला कळलेलं यांत फार अंतर असतं. आम्ही बूट बदलले, पातळ तळव्याचे आणले. तो माझ्यामागे बोलता बोलता येरझाऱ्या घालायचा, जिथे माझं वाक्य यायचं तिथे त्याचं पाऊल जड पडायचं. प्रेक्षकाला ती त्याची अस्वस्थता वाटायची. मला तो माझा क्यू होता. अकरा दिवस फक्त या एका प्रवेशावर काम झालं. बाराव्या दिवशी मी पूर्ण पाठ करून बसले, एकदाही वळले नाही, आणि माझ्या पाठीत राग आहे हे मला स्वतःला जाणवलं.

दरम्यान एका सहनिर्मात्या नाट्यगृहाचा माणूस तालीम पाहून गेला. माझे स आणि श घसरतात. उंच पट्टीचे आवाज मला नीट पोचत नाहीत, म्हणून ते जिभेवरही नीट बसले नाहीत. त्यानं सुचवलं, की माझे संवाद दुसऱ्या कुणीतरी विंगेतून बोलावेत. हा प्रकार काही नवा किंवा हलका नाही. लॉस एंजेलिसची डेफ वेस्ट थिएटर ही संस्था १९९१ पासून कर्णबधिर आणि ऐकणाऱ्या नटांना एकत्र घेऊन नाटकं करते. २०१५ साली ब्रॉडवेवर त्यांनी केलेल्या संगीतिकेत कर्णबधिर नट हातांनी बोलत आणि ऐकणारे नट मंचावर त्यांच्याबरोबर राहून तेच गात. ते सुंदर आहे, कारण तिथे दोन भाषा आहेत आणि दोघंही नट आहेत. मला मात्र आवाज आहे. तो घासलेला आहे, पण माझा आहे, आणि स्टेशनमास्तरला शोभतो असं मला वाटत होतं. निर्मातीनं मला विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "मीच बोलेन." तिनं त्या माणसाला तसं कळवलं. त्या नाट्यगृहानं आपले प्रयोग निम्म्यावर आणले. तिच्यासाठी तो मोठा फटका होता. तक्त्यातला तो रकाना मी पाहिलेला होता. तिनं नंतर एकदाही तो विषय माझ्याकडे काढला नाही.

त्या माणसाचा एक मुद्दा मात्र खरा होता: प्रेक्षकाला शब्द कळायला हवेत. नेपथ्यकाराला यातून मार्ग सुचला. स्टेशनवर गाड्यांच्या वेळा दाखवणारा फलक असतोच. नाटकातले सगळे संवाद, सगळ्यांचे, त्या फलकावर उमटू लागले. कर्णबधिर नटाचे हातांनी बोललेले संवादही तिथेच. फलकामागे बसलेली मुलगी प्रत्येक प्रयोगाला नटांच्या लयीबरोबर ओळ सोडायची, पुढे पळायची नाही की मागे रेंगाळायची नाही. शेवटच्या प्रवेशात कुणीच काही बोलत नाही, तेव्हा फलकावर फक्त गाडीचा नंबर आणि 'अनिश्चित' एवढंच.

दौऱ्यात एका नाट्यगृहानं 'रॅम्प आहे' असं लेखी कळवलं होतं. होता, प्रेक्षकांच्या दारात. मंचामागे नऊ पायऱ्या. व्हीलचेअरवरची आमची नर्तिका खाली थांबलेली, आणि तिथले चार कामगार मनापासून म्हणत होते, "आम्ही उचलून घेतो की, ताई." तिनं हात जोडून नकार दिला. उचललं जाताना खुर्ची निसटून तिचा खांदा पूर्वी एकदा निखळला होता. २०१९ साली अ‍ॅली स्ट्रोकर अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळवणारी व्हीलचेअरवरची पहिली नटी ठरली, त्या रात्रीही तिला विंगेतच थांबावं लागलं होतं, कारण प्रेक्षागृहातून मंचावर जायला रॅम्प नव्हता. जिथे प्रेक्षक म्हणून जागा केलेली असते तिथे कलावंत म्हणून जागा असेलच असं नाही. आमच्या तंत्रज्ञांनी नेपथ्याच्या फळ्या जोडून उतार तयार केला, तो लांब आणि मंद करावा लागला, आणि पडदा दोन तास उशिरा उघडला. निर्मातीनं स्वतः मंचावर जाऊन प्रेक्षकांना उशिराचं खरं कारण सांगितलं. त्यानंतर तिनं लेखी उत्तरावर विसंबणं बंद केलं; प्रत्येक नाट्यगृहात टेप घेऊन कुणीतरी आधी जाऊन यायचं.

अंध प्रेक्षकांसाठी प्रयोगाआधी आम्ही अर्धा तास मंच खुला ठेवायचो. त्यांच्या कानात नाटकाचं वर्णन चालायचं. १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजमध्ये अशी नियमित सेवा सुरू झाली, तिचीच ही पद्धत. पण वर्णनात फलाट ऐकणं वेगळं आणि हातानं चाचपणं वेगळं. एक वयस्क गृहस्थ फलाटावर आले, गुडघ्यावर बसले, लाकडावर टकटक केली आणि म्हणाले, "पोकळ आहे. मुद्दाम?" मी म्हटलं, "हो, माझ्यासाठी." त्यांनी तळहात तिथेच टेकवून ठेवला. मी मागे जाऊन सर्कसवाल्या नटासारखं एक पाऊल जड टाकलं. त्यांचा चेहरा उजळला.

पहिल्या प्रयोगानंतर आठवड्यानं एक परीक्षण आलं. नेपथ्याचं कौतुक होतं, गायिकेचं खूप होतं. माझ्याबद्दल दोन वाक्यं: स्टेशनमास्तर पहिल्या अंकात ठाम उभी राहते, तिसऱ्या अंकात, भीती कबूल करण्याच्या जागी, सैल पडते. कानांचा उल्लेख नाही, यंत्रांचा नाही, धैर्याचा नाही. मी ते पाच-सहा वेळा वाचलं आणि दिग्दर्शिकेला पाठवलं. तिचं उत्तर लगेच आलं: 'त्यांचं बरोबर आहे. तू कंदील खाली ठेवतेस आणि मग घाबरतेस. आधी घाबर, मग हातातून कंदील ठेवला जाऊ दे. सोमवारी एक तास लवकर ये.'

सोमवारी मी दीड तास लवकर गेले. ती आधीच आली होती, आणि पिवळा झोत तिनं तिच्या खुर्चीवर लावून ठेवला होता.